भुरीचा डोस

डबी उघडताच पहिला डास बाहेर आला आणि विश्राम तांडेलांनी टाळी वाजवून त्याला जागच्या जागी चिरडलं.

"काका!" डॉक्टर खोत ओरडल्याच. "औषध होतं हो ते!"

विश्राम ओशाळले. एकतीस वर्षं हिवताप खात्यात, पाठीवर पंप घेऊन गावोगाव फवारणी केलेला माणूस. डास दिसला की हात डोक्याला विचारत बसत नसत.

"चुकला माझा, बाय."

त्यांची कुत्री भुरी पायाशी धापा टाकत पडली होती. डासांनीच तिच्या काळजात जंत सोडले होते आणि त्यावरचं औषधही आता डासच आणत होते. इंजेक्शनचा जोर तिला झेपला नसता. सोंडेतून उतरणारा कणभर डोस झेपणार होता.

"तीन आणले होते. उरलेले दोन्ही चावायला हवेत," डॉक्टर म्हणाल्या.

विश्राम दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. दुसरा डास भुरीच्या पोटावर बसला आणि फुगून उडाला. तिसरा मात्र कानावर टेकला की ती कान फडफडवायची. तीनदा तसंच झालं.

"काका, कान धरा. पण जपून."

विश्रामांनी मांडीखालून उजवा हात काढला. त्यांनी दोन बोटांत भुरीचा कान अलगद धरला. डास पुन्हा आला आणि त्यांच्या नखाशेजारीच टेकला. चावते ती मादी, हे त्यांना ठाऊक होतं.

"पी गो बाये," ते हळूच म्हणाले. "पोटभर पी."