कोपऱ्यातली सूट

पोलादी साचा ट्रकमध्ये चढवायला क्रेनवाला आला होता, पण साहेबांनी त्याला हातानंच थांबवलं. आधी नव्या साच्यातला पहिला पार्ट बाहेर येऊ दे, मग जुना भंगारात.

मिस्त्री जुन्या साच्याजवळ उभे होते. त्यांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. इंजिनीअरबाईंनी काल स्वतः फोन केला होता, "काका, तुमचा साचा उद्या जातोय. एकदा भेटून जा." म्हणून ते लग्नाला निघाल्यासारखा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

त्यांनी साच्यावर हात ठेवला. गार होता. एके काळी हा गार पडायचाच नाही. विमानाच्या पंखातली फासळी याच्यावर व्हायची. कार्बनच्या कापडाचे थरावर थर चढवायचे आणि साच्यासकट भट्टीत घालायचं. बाहेर काढला की दुपारपर्यंत धग धरून असायचा. साहेब फिरकणार नसले की सगळे आपापले डबे त्याच्या पायांमधल्या पट्टीवर नेऊन ठेवायचे. एकदा कुणाचा तरी डबा तसाच राहून पुन्हा भट्टीत गेला, तेव्हा आठवडाभर सगळ्या विभागाला कांद्याचा वास येत होता.

नवा साचा पलीकडच्या टेबलावर होता. मशीननं थर रचून छापलेला, दोघांनी उचलावा इतका हलका. जुन्याला चार महिने लागले होते, याला नऊ दिवस. एका पोलादी साच्याच्या पैशांत असे सहा झाले असते. बाईंनी त्यासाठी दोन वर्षं घासली होती.

बाईंनी नव्या साच्याच्या कडेत लाकडी पाचर सारली. फासळी अलगद सुटली. काळीभोर, गुळगुळीत. कुणीतरी "वा" म्हणालं. बाईंनी कोपऱ्याला काटकोन तपासायचा गुण्या लावला आणि तो कडेकडेनं सरकवत नेला. टोकाशी आल्यावर त्यांचा हात थांबला. गुण्या आणि फासळीच्या मधून उजेडाची बारीक रेघ दिसत होती.

"कोपरा मिटलाय," त्या म्हणाल्या.

साहेबांनी वाकून पाहिलं. "म्हणजे पंखात बसणार नाही."

"नाही. पण सर, थंड होताना कोपरा आत ओढला जातो, त्याची सूट मी धरली होती. पुस्तकात आहे तेवढी."

"दोन वर्षं झाली, बाई. आता मला वर उत्तर द्यायचंय." साहेब क्रेनवाल्याकडे वळले. "राहू दे तो साचा. ट्रक रिकामा जाऊ दे."

मिस्त्रींचा हात अजून पोलादावरच होता. त्यांनी तो काढला नाही. घरून निघताना बायकोनं विचारलं होतं, "वाईट वाटेल ना?" त्यावर ते म्हणाले होते, "लोखंडाचं कसलं वाईट वाटायचं." साचा वाचवायला आता नुसतं गप्प राहायचं होतं. कुणी त्यांना काही विचारलंही नव्हतं.

बाई गुण्या पुसत होत्या. पुसून झाला तरी पुसतच होत्या. नव्या असताना मिस्त्रींच्याच हाताखाली महिनाभर कानस घासली होती त्यांनी. तळहाताला फोड आले तरी हूं की चूं केलं नव्हतं.

"सूट सगळीकडे सारखी ठेवलीस का गं?" मिस्त्रींनी विचारलं.

बाईंनी वर पाहिलं. "हो. का?"

"टोकाला थर जास्त आहेत. तिथं जास्त ओढतं."

"ड्रॉईंगमध्ये असं काही नाही, काका."

"नसणारच. ते मी कानशीनं केलं होतं."

"किती?"

मिस्त्रींनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली, मग हसले. "आकडा मला कधीच माहीत नव्हता. यालाच विचार की. अजून इथंच आहे हा."

मोजायचं यंत्र ढकलत आणलं गेलं. त्याची सुई जुन्या कोपऱ्यावरून इंचाइंचानं पुढे सरकली. पडद्यावर रेघ सरळ गेली आणि शेवटच्या हातभर अंतरात हळूहळू बाहेर झुकत गेली. बाईंनी तिथले आकडे उतरवून घेतले. साहेबांनी खिशातून चष्मा काढला.

"परत छापायला किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"नऊ."

"छापा. माप मिळालंय, जुना जाऊ दे आता."

क्रेनवाल्यानं साहेबांकडे नाही, मिस्त्रींकडे पाहिलं. "काका, उचलू का?"

मिस्त्रींनी होकारार्थी मान डोलावली. साखळ्या ताणल्या गेल्या, साच्याचे पाय जमिनीवरून सुटले. खाली फरशीवर चार चौकोन उरले, बाकीच्या फरशीपेक्षा स्वच्छ.

बाई कॉम्प्युटरवर बदल भरत होत्या. आकडे भरून झाले. मग त्या थांबल्या. "काका, इथं बदलाचं कारण लिहावं लागतं. काय लिहू?"

ट्रकचा फाळका लागल्याचा आवाज आला. मिस्त्रींनी तिकडे पाहिलं नाही.

"लिही," ते म्हणाले, "जुन्या साच्यावरचे पहिले सात पार्ट मिस्त्रीनं वाया घालवले होते."