उजवीकडून नाही

पांढरी गाडी डावी लेन सोडायला तयार नव्हती.

उजवीकडच्या दोन्ही लेन मोकळ्या होत्या. तरी ती गाडी कात्तोलिका गावापासून सगळ्यात डावीकडे, पुढे जाणाऱ्यांच्या लेनमध्ये, ताशी नव्वदने निवांत चालली होती. तिच्या मागे एर्मेस अडकला होता. बोट सातला सुटणार होती आणि आंकोनाचं बंदर अजून तासाभरावर होतं.

"एकशेतीसने गेलो तर पावणेसातला पोचू," तो म्हणाला. "असे गेलो तर बोटीची पाठ बघायला मिळेल."

शेजारी त्याची थोरली बहीण नीवेस फोनवर काहीतरी लिहीत होती.

"घरी कळवतेय, सूप गरम करून घ्या म्हणून," ती म्हणाली. "अरे, मग काढ की उजवीकडून. रस्ता रिकामा पडलाय."

"उजवीकडून नाही."

"कोण बघतंय?"

"मी बघतोय."

एर्मेस फाएंझात सव्वीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवत होता. पहिल्या दिवशी तो फळ्यावर एकच वाक्य लिही. चालायचं उजवीकडून, पुढे जायचं डावीकडून, आणि पुढे गेलं की मुकाट्याने परत उजवीकडे. जो विद्यार्थी उजवीकडून गाडी काढेल, त्याला तिथेच उतरवून तो बसने घरी पाठवी. गावात त्याची टिंगल होई, पण गाडी शिकायला पोरं त्याच्याकडेच धाडत. त्याने कधी आवाज चढवला नाही. घरीही नाही. घरी तशी वेळच येत नसे.

अशा शिस्तीच्या माणसाचं घर आज दुपारी रिकामं झालं होतं. मुलीच्या शाळेतल्या बाई सहज बोलून गेल्या की तेआ वर्गात सांगत होती, आई आणि मी बोटीने समुद्रापलीकडे आजीकडे स्प्लिटला जाणार आहोत. तो तसाच घरी आला. बायकोचा, यासनाचा, फोन स्वयंपाकघरातल्या टेबलावर होता. त्याच्या कपाटातला कुलपाचा खण उघडा होता आणि दोघींची ओळखपत्रं नव्हती. किल्ली मात्र त्याच्याच खिशात होती. ते कोडं त्याला अजून सुटलं नव्हतं.

"फोनसुद्धा विसरून गेली," तो खिसा चाचपत म्हणाला. "विसरभोळी आहे. अकरा वर्षं तिचं सगळं मीच लक्षात ठेवतो."

"ठेवतोस खरा," नीवेस म्हणाली.

ती आपण होऊन बरोबर आली होती. तुझं नाही ऐकलं तर यासना माझं तरी ऐकेल, असं म्हणाली होती. एर्मेसला तेव्हा भरून आलं होतं.

त्याने नियमाप्रमाणे अंतर राखून दोनदा दिवे चमकवले. डावा इंडिकेटर चालू ठेवला. शेवटी एक आखूड हॉर्न दिला. पांढरी गाडी ढिम्म. तेवढ्यात पावाची एक व्हॅन सुसाट उजवीकडून दोघांच्याही पुढे गेली. जाताना ड्रायव्हरने पाची बोटं जुळवून हात हलवला, हे काय चाललंय अशा अर्थी.

"गाढव," एर्मेस हळूच म्हणाला.

"ते गाढव पोचेल वेळेवर," नीवेस म्हणाली.

फानो गाव मागे गेलं. साडेसहा होत आले. आज यासना गेली तर ती कायमचीच गेली, हे एर्मेसला कळत होतं. आणि आपण एकदा तिच्यासमोर उभे राहिलो की ती निमूट परत येईल, याचीही त्याला खात्री होती. आजवर ती आलीच होती.

"नंबर लिहून घे त्या गाडीचा," तो म्हणाला. नीवेसने लिहून घेतला.

मग ती एकदम तापली. "एर्मेस, बायको-मुलगी समुद्रापार चाललीय आणि तू इथे परीक्षा घेत बसलायस. माझं ऐक, घाल गाडी उजवीकडून."

एक क्षण त्याचा हात उजव्या इंडिकेटरकडे गेला. पण नीवेस सांगेल त्याच्या नेमकं उलट करायची त्याला लहानपणापासून खोड होती. हात परत स्टिअरिंगवर आला.

"एकाने नियम मोडला म्हणून दुसऱ्याने मोडायचा नसतो," तो म्हणाला.

"राहिलं," नीवेस म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

आंकोनाला पांढरी गाडीही हायवे सोडून बंदराच्या रस्त्याला लागली. या बाईला किंवा बाप्याला हीच बोट गाठायची असेल तर एवढी सुस्ती कशी, याचं एर्मेसला नवल वाटलं. तो रस्ता अरुंद होता, तिथे डावीकडूनही पुढे जाता येईना.

धक्क्यावर पोचले तेव्हा सात वाजून सात मिनिटं झाली होती. बोट सुटली होती. धक्का आणि बोट यांच्यामध्ये हिरवं पाणी रुंद होत चाललं होतं. वरच्या कठड्याशी माणसं उभी होती, पण इतक्या लांबून कुणाचा चेहरा ओळखू येत नव्हता. एर्मेस बराच वेळ बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले.

मग तो वळला. पांढरी गाडी पलीकडे थांबली होती आणि तिच्यातून साठीची एक बाई उतरत होती. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"बाई, डावी लेन कशासाठी असते, माहीत आहे तुम्हाला?" त्याने शांतपणे विचारलं.

बाईने त्याच्याकडे पाहिलंच नाही. तिने त्याच्या खांद्यावरून मागे उभ्या असलेल्या नीवेसला विचारलं, "झालं ना गं मनासारखं? मला तर वाटेवर दहादा वाटलं, हा आता उजवीकडून घुसतोय."

"छे," नीवेस म्हणाली आणि तिच्या गाडीत जाऊन बसली. "यासनाने सांगितलंच होतं, 'तो एक दिवस माझा जीव घेईल, पण उजवीकडून गाडी काढणार नाही.'"