पहिल्या पानावर

सहा महिने तिच्या स्वेटरांच्या ऑनलाइन दुकानाकडे चिटपाखरूही फिरकलं नाही. शेवटी भावाने मनावर घेतलं. "ताई, फोटोखाली जितकी माहिती, तितकं दुकान सर्चमध्ये वर येतं," म्हणत त्याने एकेका फोटोखाली बैजवार लिहून काढलं. स्वेटर घालून तिची लेकच उभी होती, तेव्हा तिचंही लिहिलं: माझी लाडकी भाची, इयत्ता दुसरी, आणि शाळेचं नाव.

महिन्याभरात दुकान पहिल्या पानावर आलं. आज दुपारी तो लॅपटॉप घेऊन तिच्याशेजारी बसला. "लोक काय टाइप करून आपल्याकडे येतात, तेही कळतं बघ." तो वाचू लागला. "लहान मुलींचे स्वेटर. हाताने विणलेले स्वेटर. निळ्या स्वेटरमधली मुलगी... घ्या, भाची फेमस झाली की!"

तिला हसू आलं नाही. "पुढचं वाच."

"निळ्या स्वेटरमधली मुलगी, शाळेचा पत्ता." त्याचा आवाज खाली आला. "हे चाळीस वेळा आहे, ताई."

"आणि शेवटचं?"

"शाळा किती वाजता सुटते."

तिने शाळेत फोन लावला. लेकीला वर्गातच थांबवा, कोणाबरोबर सोडू नका, असं एका दमात सांगून टाकलं.

"अहो, काळजी नको," बाई समजुतीने म्हणाल्या, "आत्ताच गेली ती. तिचे मामा आले होते न्यायला."

तिचा एकुलता एक भाऊ मांडीवर लॅपटॉप घेऊन तिच्या शेजारीच बसला होता.