बेलापूरचा थांबा

१९७१च्या डिसेंबरात रणगाडे लादलेली मालगाडी नगरहून सरहद्दीकडे जाताना इंजिनात पाणी भरायला बेलापूरला थांबली. रणगाडा चालवणाऱ्या शांतवनला फलाटाच्या टोकाला निरोप मिळून आलेली बायको दिसली, कुशीत महिन्याची लेक घेतलेली. रजा रद्द झाल्याने त्याने लेकीचं तोंडही पाहिलं नव्हतं. “दफेदारसाहेब, पाच मिनिटं उतरू?” त्याने विचारलं. “कुणी उतरायचं नाही. साखळ्या आवळा!” आठवड्यापूर्वीच तुकडीचा वरिष्ठ म्हणून आलेल्या दफेदारापुढे कुणाचं काही चालत नसे. शांतवन दातओठ खात रणगाडा बांधलेली साखळी आवळू लागला. तेवढ्यात गाडी हलली. “अवो, हिचं नाव काय ठिवू?” बायको धावत ओरडली. “दया!” त्याचा आवाज इंजिनाच्या शिट्टीत बुडाला. तेव्हा दफेदार रणगाड्यावर चढून गरजला, “दया! दया!” तिने मान डोलावली, बाळ उंच धरलं, शांतवनला नुसतं दुपटं दिसलं. दफेदाराचे आभार मानावेत की त्याला ढकलावं, तेच कळेना.