अभंगाचं माप

"वहिनी, खडचीच हाय!" कुकडी नदीच्या गुडघाभर गढूळ पाण्यातून हनीफ ओरडला. जाड ओठ, रुपयाहून मोठा सोनेरी खवला. दुसरा मासा असणंच शक्य नव्हतं. पोट गाभोळीनं तट्ट. मासा पाण्याबाहेर न काढता त्यानं ओल्या हातानं गळ सोडवला. उलटा काटा पकडीनं आधीच दाबून टाकलेला, म्हणून गळ अलगद निघाला.

काठावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत भिमाजी बसला होता. चैत्रात अर्धं अंग गेलं, त्याबरोबर वाचाही गेली. वीस वर्षं गळ हनीफचा आणि गाभोळीची खडची परत पाण्यात सोडायचं काम भिमाजीचं. भिमाजीच्या गळ्यात वारकऱ्याची माळ, माशाला तोंड लावायचं नाही. पण दमलेली खडची धारेकडं तोंड करून धरायची, अभंग म्हणायचा आणि ती आपसूक निसटेस्तोवर हात काढायचा नाही, ही त्याचीच रीत. "घाईनं ढकलली तर मरती, राव," म्हणायचा.

आज हनीफनंच धरली. कल्ले मंद हलत होते. त्यानं घसा खाकरून भिमाजीचा अभंग सुरू केला.

"हनीफभाऊ, पट्टी उतरवा जरा," ठमाबाई नवऱ्याच्या खुर्चीमागून हसली. "मासा भिऊन मरंल."

पहिलं चरण झालं. दुसरं, तिसरं. आणि हनीफ अडला. दर खेपेला इथवर येईतो मासा निसटून जायचाच, अन् भिमाजी तिथंच थांबायचा. शेवटचं, संताच्या नावाचं चरण हनीफनं कधी ऐकलंच नव्हतं.

"फुडं काय रं, भिमाजी?" त्यानं पाठमोऱ्यानंच विचारलं.

खुर्ची करकरली. मग घशातून, दगड सरकावा तसं, एक अक्षर आलं. पुन्हा तेच अक्षर.

"अगं बाई! बोलत्यात!" ठमाबाईनं तोंडाला पदर लावला.

तेवढ्यात हनीफच्या तळव्यांना माशाचा जोर जाणवला. शेपटी एकदाच वळली आणि खडची खोल पाण्यात उतरली.

मागं भिमाजी दुसऱ्या अक्षराशी झटत होता.

"गेली का हो?" ठमाबाईनं हलकेच विचारलं.

हनीफनं मान वळवली नाही. रिकामे हात पाण्याखाली तसेच धरून तो म्हणाला, "न्हाई, वहिनी. लई दमलीय. म्हणू द्या त्याला निवांत. मी धरलीय."