तीन वर्षांची रिटर्न

हर्षाली पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली तेव्हा मामा तिच्या धाकट्या भावाचा, शेखरचा, पगार विचारत होते. मुलीकडचे आज मखमलाबादला घर पाहायला आले होते. मुलीचे वडील गप्प. बोलणं सगळं मुलीच्या मामांचं. त्यांचा लासलगावला कांद्याचा व्यापार. ढिगात कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय बोली न लावणारा माणूस.

"अमेरिकेच्या कंपनीत हाय शेखर," हर्षालीचे वडील, आण्णा म्हणाले. "घरीच बसून काम करतो, कंप्युटरवर."

हर्षालीने बशी मामांपुढे ठेवली. अमेरिकेच्या कंपनीत ती होती. चार वर्षं आतल्या खोलीत बसून त्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका ती शोधत होती. शेखर बी.कॉम.ला तीनदा बसून आता आण्णांची शेवंती मार्केटला पोचवायचा. पण सोयरिकीच्या बोलण्यात थापा चालतातच, म्हणून तिने ते गिळलं.

"पगाराचा काही कागद?" मामांनी विचारलं.

"कंपनी तिकडची," शेखर म्हणाला. "इथे टॅक्स कापणारं कोणी नाही, म्हणून फॉर्म सोळा मिळत नाही. आगाऊ कर आपणच भरायचा. सप्टेंबर, डिसेंबर, मार्च."

हे वाक्यसुद्धा तिचंच. तिनेच त्याला शिकवलं होतं, कारण बँकेत चलन भरायला तोच जायचा. ती चेकवर सही करायची. तो शिक्का मारलेलं चलन दारातूनच दाखवायचा आणि फाइलला लावायचा. रिटर्नही तोच भरून यायचा. सख्ख्या भावाने दाखवलेला कागद कोणती बहीण निरखून वाचते?

सकाळीच तिच्या नावाने इन्कम टॅक्सचा लिफाफा आला होता. तुमच्या खात्यावर परदेशातून पैसे येतात, पण तीन वर्षांत एकही रिटर्न नाही, खुलासा करा. ती घाबरलीच. "चुकून आलं असेल, ताई. मी भरलाय ना," शेखर म्हणाला होता. "पाहुणे जाऊ दे." मग लिफाफा फ्रिजवर ठेवून ती पोहे भिजवायला लागली.

आता शेखरने तीच फाइल मामांच्या हातात दिली. मामांनी चष्मा लावला.

"तीन वर्षांची रिटर्न. चलनं बी हायेत. दोन हजार पाच-सहा सालचं उत्पन्न, चार लाख बारा हजार सहाशे."

आकडा तिच्या ओळखीचा होता. तिला कावीळ झाली तेव्हा कापले गेलेले पैसेसुद्धा त्यातून वजा होते. क्षणभर तिला हायसं वाटलं. भावाने पैसे खाल्ले नव्हते, कर पै न पै भरला होता.

"नाव, शेखर सावळीराम," मामांनी पुढे वाचलं. "पॅन नंबर बी त्याचाच. चोख काम."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. ती आत गेली. मागोमाग आण्णा आले.

"आण्णा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"हळू बोल." आण्णा खाली बघत होते. "सरकारला कर भरल्याशी मतलब. आणि तुझं नाव लग्नात बदलणारच हाय, पोरी. त्याचं कायम राहायचं."

तिला रडूही येईना. शेखरची अक्कल बेताचीच, त्याचं एक वेळ ठीक. पण ज्या आण्णांनी सबंध हंगामाच्या फुलांचे पैसे मोडून तिला कंप्युटर घेऊन दिला, ते यात होते. ते तिला सहन होईना.

बाहेरून मामांची हाक आली. "जरा काम तरी दाखवा की आम्हाला!"

सगळे आतल्या खोलीत आले. शेखर तिच्या खुर्चीत बसला. पडद्यावर पासवर्डची चौकट आली. त्याने मान वळवली.

"ताई..."

आण्णाही तिच्याकडे बघत होते. हात जोडायचेच काय ते बाकी होते.

हर्षालीने फ्रिजवरचा लिफाफा आणला आणि मामांच्या हातात ठेवला.

"त्याला नाही उघडता यायचं, मामा. तुम्ही ही नोटीस वाचा. माझ्या कमाईचा, माझ्या नावाचा या घरात एवढाच कागद आहे."