चार विरुद्ध एक

“आकाशातल्या लहरी कुणाच्याही मालकीच्या नसतात,” डॉ. टिल्लूंनी मंडपात जाहीर केलं. माईक बंद होता असं कळल्यावर त्यांनी तेच पुन्हा जाहीर केलं.

प्रयोग साधा होता. घाटात पाच यंत्रं ठेवलेली. वनखात्याच्या वायरलेसवर कुणी बोलतंय का, हे पाचांनी ऐकायचं. बहुमताने ‘शांत आहे’ म्हटलं, की त्याच फ्रिक्वेन्सीवरून कॉलेजचा कार्यक्रम सोडायचा.

“सर, चार म्हणतात शांत आहे,” त्यांची विद्यार्थिनी शलाका म्हणाली. “पण वरचं पाचवं म्हणतंय, कुणीतरी बोलतंय.”

“मग बाकीची चार काय बहिरी आहेत?”

“ती डोंगराआड आहेत, सर.”

“शलाकाताई, बहुमत म्हणजे बहुमत. करा सुरू.”

ईशस्तवन, पाहुण्यांचा परिचय आणि सरांचं भाषण घाटभर स्वच्छ पोचलं.

आभारप्रदर्शन चालू असताना वनरक्षक झोरे पाठीवर जोडीदाराला घेऊन मंडपात आले. त्याला नाग चावला होता. झोऱ्यांनी त्याला सतरंजीवर निजवलं आणि नाकापाशी हात धरला. श्वास नव्हता.

“दीड तास वायरलेसवर गाडी मागतोय,” ते म्हणाले. “कुणी घेतच नाही. नुसतं भाषण ऐकू येतंय.”

शलाका खाली बसली. सरांनी मात्र घाईघाईने वही उघडली.

“म्हणजे पाचवं बरोबर होतं,” ते हळहळले. “झोरेसाहेब, ह्यांना असू द्या इथेच. तुम्ही जरा वर जाऊन पुन्हा एकदा गाडी मागता का? एक रीडिंग घ्यायचं राहिलंय.”